मिटत नाही ती शिंपली

माझं शुद्धलेखन चुकलेलं असेल, त्याला माझ्याकडे इलाज नाही. ऱ्हस्व कुठे आणि दीर्घ कुठे हे मला चौथीतही कळत नव्हतं, आणि चौथीनंतर शाळाच सुटली. अक्षर वाईट आहे, ओळ सरळ चालू होते आणि उजवीकडे उतरत जाते. हे कुणाला वाचायला द्यायचं नाही. तरी नात मोठी झाली आणि तिच्या हाती लागलं, तर तिने हसू नये म्हणून आधीच माफी मागते. तिला मराठी वाचता येईल का, हेही मला माहीत नाही.

लिहायचं आहे ते एका शिंपलीबद्दल. मी खाडीकाठची. शिंपल्यांतच वाढले. शिंपल्यांचं मला कळतं असं मला वाटत होतं.

मुलगा जर्मनीत वोल्फ्सबुर्गला गाड्यांच्या कारखान्यात कॉम्प्युटरचं काम करतो. सुनेचं पहिलं बाळंतपण तिच्या आईने करायचं, पण त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मला जावं लागलं. तीन महिन्यांचा व्हिसा होता. मुलाचं घर तिसऱ्या मजल्यावर. खाली रस्त्यावर गाड्या सारख्या जायच्या, पण चालणारं माणूस दिसायचं नाही. मी मुळात बुजरी. घरी पाहुणे आले तरी मी स्वयंपाकघरातून बाहेर येत नाही. तिथे तर जिन्यात कुणाचा पाय वाजला की तो जाईपर्यंत मी दारामागे उभी राहायचे, आणि मगच कचरा टाकायला उतरायचे.

आमच्या खालच्या मजल्यावर एक इटलीची बाई राहायची. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. तिचा नवरा तरुणपणी त्याच कारखान्यात कामाला आला, जन्मभर गाड्या जोडल्या आणि वारला. ती एकटी होती. बाळ घरी आलं तेव्हा ती स्वतः विणलेली टोपी घेऊन वर आली, बाळापेक्षा जास्त वेळ मी बाळाला तेल लावते ते बघत बसली, आणि जाताना माझा हात धरून मला खाली कॉफीला घेऊन गेली. सुनेने सांगितलं की तिचं जर्मनही मोडकंतोडकंच आहे. ते ऐकून मला बरं वाटलं होतं.

मग दुपारी सून आणि बाळ झोपले की मी खाली जायचे. आम्ही बोलायचो नाही. ती मटार सोलायची, मीही सोलायचे. ती मला "सिन्योरा" म्हणायची. मी तिला काहीच म्हणायचे नाही, काय म्हणावं ते कळायचं नाही. त्या अख्ख्या इमारतीत, खरं तर त्या अख्ख्या देशात, मी आपणहून वाजवलेलं ते एकच दार होतं.

एके सकाळी ती वर आली आणि मला घाईने खाली घेऊन गेली. तिच्या ओट्यावर ओल्या कागदात कसल्यातरी जुड्या होत्या. मला आधी बांबूच्या कामट्या वाटल्या. वीतभर लांब, बोटभर रुंद, शिंगाच्या रंगाच्या, आणि प्रत्येक जुडीला रबर. तिने एक जुडी माझ्या हातात दिली तेव्हा कळलं की या शिंपल्या आहेत. अशी लांब शिंपली मी कधी पाहिली नव्हती. हिला आमच्याकडे नाव नव्हतं. ओठाला ओठ लागलेला, रबराने आवळलेला. मला हसू आलं, शिंपलीला कुणी बांधून ठेवतं का.

तिने रबरं काढली, शिंपल्या मोठ्या पातेल्यातल्या पाण्यात सोडल्या, मीठ टाकलं. मग ती खूप बोलली. घड्याळाकडे बोट केलं. दोन बोटं दाखवली. भिंतीवरच्या नवऱ्याच्या फोटोकडे हात केला आणि ओठांवर बोटं टेकवली. पुढच्या खोलीत मोठं टेबल मांडून ठेवलं होतं, बश्या, पेले, काटे. मला एवढं समजलं की ती बाहेर चालली आहे, लोक जेवायला येणार आहेत, आणि तोवर मी या शिंपल्यांकडे बघायचं आहे. शेवटी तिने घराची किल्ली माझ्या हातात ठेवली आणि वरून माझी मूठ मिटली. आमच्याकडे दिवसा घराला कुलूप लावत नाहीत, किल्लीचं कुणाला काही नसतं. पण तिथे किल्ली देणं काय असतं हे मला तोवर कळलं होतं. मुलाने मला त्याच्या घराची किल्ली दिली तेव्हा चार वेळा बजावलं होतं.

ती गेली. मी वर जाऊन बाळाला न्हाऊ घातलं, सुनेला डिंकाचा लाडू दिला, तिला झोप लागल्यावर परत खाली आले. पातेल्यात बघते तर सगळ्या शिंपल्या उघडलेल्या. एका बाजूने नाही, दोन्ही टोकांनी. आणि खालच्या टोकातून अंगठ्याएवढी जाड पांढरी जीभ बाहेर लोंबत होती, एकेकीची तर बोटभर.

मी पातेल्यापासून मागे सरले.

आमच्याकडे ओहोटीला आई खाडीत उतरायची, मी मागे. तिसरी, म्हणजे आमची खाडीतली शिंपली, चिखलात फार खोल नसते, तळपायाला लागते. टोपली भरली की घरी सुपात ओतायची आणि निवडायची. मिटलेली ठेवायची. उघडलेली असेल तर दुसऱ्या शिंपलीवर ठोकायची. मिटली तर जिवंत, नाही मिटली तर मेलेली, ती लांब फेकायची, कोंबड्यांनाही द्यायची नाही. आई यात कधी चुकली नाही. माझ्या काकीने मात्र एकदा घाईत न निवडता कालवण केलं होतं. सगळं घर उलट्या करून पडलं, आणि काकीचा लहान मुलगा त्यात गेला. तेव्हापासून तिसऱ्या विळीवर घेताना माझा हात आपोआप थांबतो, आधी डोळा बघतो.

मी चमचा घेतला आणि एका शिंपलीवर ठोकलं. मिटली नाही. दुसरीवर ठोकलं. नाही. एकीची जीभ जराशी हलल्यासारखी वाटली, पण पातेलंही हललं होतं. मी वाकून वास घेतला. वास चांगला होता, नुसत्या समुद्राचा. त्याने मी जास्तच गोंधळले. मेलेली शिंपली लगेच घाण मारते. नाक म्हणत होतं ताजी आहे, डोळे म्हणत होते मेली आहे. तिचा फोन नंबर मला ठाऊक नव्हता. असता तरी काय बोलले असते. वर जाऊन सुनेला उठवावं असं मनात आलं, पण रात्रभर जागलेली ती, नुकती झोपलेली. पुढच्या खोलीतल्या मांडलेल्या बश्या मला दिसत होत्या.

मी डोळ्यांवर विश्वास ठेवला.

सगळ्या शिंपल्या वर्तमानपत्रात बांधून मी खाली नेल्या. तिथे कचऱ्याचे डबे ओळीने, तपकिरी, पिवळा, निळा, काळा. कशात काय टाकायचं हे सुनेने शिकवलं होतं, पण शिंपल्या कशात ते शिकवलं नव्हतं. आत मांस, बाहेर कवच, वर कागद. शेवटी काळ्यात टाकलं आणि परत येऊन पातेलं घासलं, ओटा पुसला. खरं सांगायचं तर मला आपण चांगलं काम केल्यासारखं वाटत होतं. ती येईल, मी सांगेन, ती घाबरेल आणि मग माझे हात धरेल, असं काहीसं.

ती पाव आणि कोथिंबिरीसारख्या पाल्याची जुडी घेऊन आली. ओट्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला दहा-बारा जर्मन शब्द येत होते, त्यातला एक 'कापुट', म्हणजे बिघडलेलं. मी म्हटलं, कापुट. दोन्ही तळवे उघडून दाखवले, शिंपली उघडते तसे, आणि मान टाकली. ती माझ्या हातांकडे बघत राहिली. मग काहीतरी लांबलचक बोलली, मग अगदी थोडं बोलली, आणि अंगातला कोट न काढता खुर्चीवर बसली. मी वाट बघत होते की ती ओरडेल. ओरडली असती तर मला कळलं असतं काहीतरी. ती फोटोकडे बघत होती. मी किल्ली पुढे केली. तिने ती घेतली आणि कोटाच्या खिशात टाकली.

संध्याकाळी सून तिच्याकडे जाऊन आली. आल्यावर आधी पाणी प्याली, मग माझ्याजवळ बसली. म्हणाली, "आई, ती शिंपली मिटतच नाही. जिवंत असली तरी दोन्ही टोकांनी उघडीच असते."

मी म्हटलं, "असं कसं? मग ती जगते कशी?"

माझा विश्वासच बसेना. शिंपली म्हणजे मिटणारी, नाहीतर तिला कवच कशाला. मुलाने जेवता जेवता कॉम्प्युटरवर शोधून वाचून दाखवलं. ती वाळूत उभी राहते, खांबासारखी. वरच्या टोकाने पाणी आत घेते आणि सोडते, त्यातूनच तिचं पोट भरतं. खालच्या टोकातून बाहेर येतो तो तिचा पाय, मी जीभ समजले तो. पाय वाळूत घुसवायचा, त्याचं टोक रक्ताने फुगवून आत रुतवायचं, आणि मग सगळी शिंपली खाली ओढून घ्यायची. कुणी पकडायला आलं तर बघता बघता हातभर खाली जाते. तिला मिटायची गरज नसते, चारी बाजूंनी वाळूच तिला दाबून धरते. बाहेर काढली की धरायला काही उरत नाही, म्हणून विकणारे रबर लावतात. मुलगा म्हणाला, आणि गंमत म्हणजे ही मूळची इथली नाहीच, अमेरिकेहून जहाजांच्या पाण्यातून हिची पिल्लं आली आणि इथल्या समुद्रात राहिली. "व्हिसा न काढता आली बघ," तो म्हणाला. सून त्याच्याकडे डोळे वटारून बघत होती.

मग तिने बाकीचं सांगितलं. खालच्या बाईच्या नवऱ्याला जाऊन त्या दिवशी वर्ष झालं होतं. तो समुद्राकाठच्या गावचा, या शिंपल्या त्याच्या जिवाच्या आवडीच्या. तिने इटालियन दुकानदाराला सांगून लांबून मागवल्या होत्या. त्याच्याबरोबर कारखान्यात काम केलेले म्हातारे मित्र जेवायला यायचे होते. ते आले आणि पाव-सूप खाऊन गेले.

आमच्याकडेही वर्षाला माणसाचं पान वाढतात, त्याला आवडायचं ते वाढतात. मी ते पान उचलून काळ्या डब्यात टाकलं होतं. मी मरण टाळलं की मेलेल्याच्या तोंडचं काढून घेतलं, हे मला नीट मांडता येईना. अजूनही येत नाही. दोन्ही एकाच हाताने झालं.

रविवारी गावाहून ह्यांचा फोन आला. सगळं ऐकून म्हणाले, "विमानात बसून एवढ्या लांब गेलीस, आणि तिथेही शिंपल्यांतच हात घातलास होय?" आणि हसत सुटले. मला मात्र एकच विचारायचं होतं, ती आता दार उघडेल का. ते ह्यांना कसं विचारणार.

शिंपल्यांचे साधारण चाळीस युरो झाले होते. मुलगा लगेच पाकीट काढायला लागला. मी म्हटलं, तू नाही द्यायचे. तो चिडला. "आई, चाळीस युरो आहेत, चार लाख नाहीत." मला कारण सांगता आलं नाही. तेव्हा ते मलाही कळलेलं नव्हतं. त्याने दिले असते तर त्याचं आणि तिचं मिटलं असतं, मी कुठेच राहिले नसते, एवढंच आतून वाटत होतं. पण माझ्याकडे माझा म्हणून एक युरो नव्हता. उपाय सुनेने काढला. तिथे पाण्याच्या नि सरबताच्या प्लास्टिकच्या बाटल्यांवर दुकानात अनामत घेतात, बाटली परत केली की पैसे परत. तिथले सगळे त्याला फांड म्हणतात. घरातल्या रिकाम्या बाटल्यांचं फांड माझं, असं तिने ठरवून टाकलं. मुलाचे मित्र जेवायला आले की ती त्यांना हसत सांगायची, बाटल्या इथेच ठेवून जा, सासूबाईंचा व्यवसाय आहे.

दुकानात बाटल्या गिळणारं मशीन होतं. पहिल्या दिवशी त्याने माझी एक बाटली गिळली आणि दुसरी बाहेर ढकलली. मी परत घातली, त्याने परत ढकलली. मागे रांग लागली. कानापर्यंत गरम झाले मी. मागच्या माणसाने पुढे येऊन बाटली फिरवून बूड पुढे घातलं, आणि मशीनने घेतली. का घेतली, कळलं नाही. पण चिठ्ठी आली, चिठ्ठीवर नाणी आली.

ती रुमालात बांधून मी खाली गेले आणि घंटी वाजवली. तिने दार उघडलं. मी रुमाल पुढे केला. तिने मान हलवून नको म्हटलं आणि दार लावलं. आपटलं नाही, सावकाश लावलं. दुसऱ्या दिवशी मी नाणी तिच्या पायपुसण्यावर ठेवून आले, संध्याकाळी ती आमच्या पायपुसण्यावर होती. मी परत ठेवली, ती परत आली. सून म्हणाली, इमारतीत तुमच्या दोघींच्या नाण्यांशिवाय कुणी जिन्याची एवढी चढ-उतर करत नाही.

त्यातच इमारतीची देखरेख करणारा माणूस जिन्यात मोठमोठ्याने बोलत वर आला. काळ्या डब्यात कुणीतरी मासळी टाकली होती, आणि ती कुजून सगळ्या आवारात वास सुटला होता. मी दारामागे उभी होते. खालचं दार उघडल्याचा आवाज आला. ती बाई त्याच्याशी काहीतरी बोलली, तोही तिला बरंच बोलला आणि कुरकुरत गेला. सुनेने आतून ऐकलं होतं. म्हणाली, "आई, तिने सांगितलं, मीच टाकलं म्हणून."

आता यातून मी काय समजायचं? माझे पैसे घेत नाही, माझ्याशी बोलत नाही, आणि माझ्यासाठी बोलणी खाते. रागावली आहे की नाही?

दुपारी मी पुन्हा खाली गेले. तिने दार उघडलं, रुमालाकडे बघितलं, आणि दार तसंच उघडं टाकून आत निघून गेली. मी उंबऱ्यातच. ये म्हटलेलं नाही, जा म्हटलेलं नाही. आतून कपाटाचा आवाज आला. मग हाक आली, "सिन्योरा." मी गेले. टेबलावर कॉफीचा रिकामा डबा ठेवलेला होता, झाकण काढून. मी रुमाल सोडला आणि नाणी डब्यात टाकली. तिने दोन कप कॉफी ओतली. आम्ही काहीच बोललो नाही, पण तसं आम्ही आधीही बोलत नव्हतो. तेवढ्यावरून सगळं आधीसारखं झालं असं म्हणता येईना. किल्ली काही तिने परत माझ्या हातात दिली नाही.

त्यानंतर मी दर आठवड्याला जायचे, कारण न्यायला नाणी असायची. नाणी नसताना जायचा धीर व्हायचा नाही. व्हिसा संपला तेव्हा निम्मेही पैसे फिटले नव्हते. निघताना मी तिला डब्याकडे बोट दाखवलं, मग स्वतःकडे, मग आकाशात विमान दाखवलं, जाणारं आणि येणारं. तिला काय समजलं कोण जाणे. तिने माझ्या गालावर गाल टेकवला, एकदा या बाजूला, एकदा त्या. मी लाकडासारखी उभी राहिले.

गावी परत आल्यावर मी तिसऱ्या निवडल्या. आईच्याच रीतीने, उघडी ती फेकायची. पण फेकण्याआधी हात थांबायचा. आपली तिसरी मिटणारी आहे हे ठाऊक असूनही थांबायचा. ह्यांनी एकदा विचारलं, काय बघत बसतेस? मी ती फेकली आणि पुढची उचलली. त्या बाईचं वय झालेलं, ती तिथे असेल का, डबा तरी असेल का, हे डोक्यात चाललेलं असायचं. मुलाला फोनवर विचारायची लाज वाटायची.

नातीच्या पहिल्या वाढदिवसाला परत गेले. दुसऱ्याच दिवशी घंटी वाजवली. ती होती. जरा वाकली होती. डबा फडताळात तिथेच होता, तिने तो मला हलवून वाजवून दाखवला. मी तिच्यासाठी आमसुलं नेली होती. तिने एक तोंडात टाकलं आणि असं तोंड केलं की नात टाळ्या वाजवायला लागली.

मुलाने समुद्रावर जायचं काढलं. मी सुनेला म्हटलं, खालच्या बाईलाही नेऊ या का. आयुष्यात मी सुनेकडे मागितलेली ती पहिली गोष्ट असेल. सकाळी लवकर निघून गाडीने बराच वेळ गेलो. पोचलो तेव्हा समुद्र नव्हताच. ओहोटी लागलेली, पाणी लांब गेलेलं, राखाडी ओली वाळू पसरलेली. मी चपला काढल्या. तळपायाला वाळू लागली आणि मला एकदम कुठे आहे ते कळेनासं झालं. थंडी तिथली, तळपाय आमच्या खाडीतला.

त्या बाईने पदरातून काढावी तशी कोटाच्या खिशातून मिठाची पुडी काढली. वाकून वाकून ती वाळू बघत चालली होती. एका ठिकाणी थांबली. वाळूत कुलपाच्या भोकासारखं छोटं भोक होतं. तिने त्यात मीठ टाकलं आणि ओठांवर बोट ठेवलं. आम्ही सगळे बघत उभे. थोड्या वेळाने भोकातून पाण्याची चूळ आली, आणि मग ती शिंपली आपणहून वर आली, जमिनीतून कुणी काठी वर ढकलावी तशी. तिने ती हलकेच धरली. ओढली नाही. वाळू सैल होईपर्यंत थांबली, मग काढून माझ्या तळव्यावर ठेवली.

दोन्ही टोकांनी उघडी. पाय बाहेर लोंबलेला. मी नखाने कवचावर ठोकलं. पाय झटकन आत गेला. कवच उघडंच राहिलं. मी परत ठोकलं. पाय आणखी आत. कवच उघडं. जिवंत आणि उघडी, माझ्या हातावर.

मी ती ओल्या वाळूवर आडवी ठेवली. पाय हळूच बाहेर आला, चाचपडला, टोक वाळूत गेलं. शिंपली हलली, उभी झाली, धक्के खात खात खाली गेली, आणि दिसेनाशी झाली. भोकात पाणी भरलं. मी त्या बाईकडे बघितलं. मला वाटलं ती काहीतरी म्हणेल, बघ, म्हणेल. ती पुढचं भोक शोधत पुढे गेली होती. मला रडायला येत होतं, आणि ते कशाचं हे कळत नव्हतं. नात माझ्या साडीला वाळूचे हात पुसत होती.

त्यानंतर काही दिवसांनी तिच्या नवऱ्याचं दुसरं वर्ष आलं. तिने पुन्हा शिंपल्या मागवल्या, आणि रबरं काढायला मला बोलावलं. शिंपल्यांना मिठाच्या पाण्यात पोटातली वाळू सोडू दिली, मग तिने तव्यात तेल आणि लसूण घातला, शिंपल्या टाकल्या आणि लगेच काढल्या. जास्त ठेवली तर रबर होते, हे तिने मला एक तुकडा मुद्दाम जास्त भाजून चावायला देऊन शिकवलं. काळं पोट काढून टाकायचं, बाकी सगळं खायचं. वरून तो पाला आणि पावाचा भाजलेला चुरा. चव गोडसर, तिसरीपेक्षा घट्ट. मी थोड्या कांदा-खोबऱ्याच्या वाटपात केल्या. तिने एक घास घेतला, पाण्याचा पेला रिकामा केला, आणि ताट परत पुढे केलं. तिच्या नवऱ्याचे म्हातारे मित्र आले, मी स्वयंपाकघरातच थांबले. त्याआधी एका बशीत एक शिंपली वाढून मी फोटोखाली ठेवली होती. तिने बघितलं, पण बशी हलवली नाही.

परत जायची वेळ जवळ आली. डब्यात थोडेच पैसे टाकायचे राहिले होते. मग मी बाटल्या मशीनकडे न्यायचं टाळायला लागले. गॅलरीत पिशव्या साठल्या. सून म्हणाली, "आई, दुकान काढायचा विचार आहे का?" मी म्हटलं, पाय दुखतो. पाय दुखत नव्हता. पैसे फिटल्यावर तिच्या दारात काय घेऊन उभी राहणार, हे मला सुचत नव्हतं.

शेवटी मुलानेच पिशव्या गाडीत घातल्या आणि मला मशीनपाशी सोडलं. दुपारी मी खाली गेले. तिने डबा टेबलावर उलटा केला. मी मराठीत मोजलं, तिने तिच्या भाषेत मोजलं. मध्येच चुकलो, परत मोजलं. उरलेली नाणी माझ्या मुठीत होती. मी मूठ उघडेना. ती वाट बघत होती. कॉफी निवत होती. मग तिने माझ्या मिटलेल्या मुठीकडे बघितलं, माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि कपावर बोट टेकवून विचारलं, "मॉर्गेन?"

मॉर्गेन म्हणजे उद्या, हे मला येत होतं. उद्याही कॉफीला येशील ना, असं ती विचारत होती. मी म्हटलं, "या." तिथल्या भाषेत म्हणजे हो.

तिने तळवा पुढे केला. मी मूठ उघडून नाणी त्यावर ठेवली. तिने ती बाकीच्यांत सरकवली आणि मान डोलावली. पैसे पुरे फिटले.